सायकलच्या हायड्रॉलिक ब्रेकचा होज घरीच आखूड करताना

मसाई पठारावरून उतरताना करवंदीच्या जाळीत माझ्या ब्रेकच्या होजची, म्हणजे हँडलवरच्या लिव्हरपासून चाकाजवळच्या ब्रेकपर्यंत तेल नेणाऱ्या नळीची, कमान अडकली, हँडल गर्रकन डावीकडं फिरलं आणि मी सायकलसकट खाली आलो. फारसं लागलं नाही. घरी येऊन चिखल धुतला तेव्हा दिसलं की हाच होज घासून घासून हेड ट्यूबचा (फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीचा) रंगही गेलाय. ब्रेक नवे बसवले तेव्हा खोक्यातून आले तसेच लावले होते. कंपनी होज लांबच देते, कारण तो लहान फ्रेमवर चढणार की मोठ्या, हे तिला ठाऊक नसतं. माझी फ्रेम लहान, त्यामुळं हँडलपुढं चांगली दीड वीत कमान उभी होती.

कोल्हापुरात पंक्चर काढणारे आणि चाकाचा आऊट काढणारे कसबी हात गल्लोगल्ली आहेत. हायड्रॉलिकचं काम मात्र मोजक्याच ठिकाणी होतं आणि सुट्टीच्या आधी तिथं सायकली रांगेत असतात. म्हणून मी हे काम घरी शिकलो. पहिल्या वेळी एक मोठी चूक केली, ती पुढं सांगतोच. त्यानंतर स्वतःच्या आणि मित्रांच्या सायकलींचे होज नीट आखूड केले. निवांत केलं तर पहिल्यांदा एका ब्रेकला दोन तास धरा. घाईच्या दिवशी हात घालू नका आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लांबची राईड असेल तर आदल्या रात्री तर अजिबात नको.

आधी एक प्रश्न: कापायची गरज आहे का?

होज लांब आहे म्हणून ब्रेक कमी लागतो, असं बरेच जण समजतात. तसं नसतं. बंद नळीतल्या तेलावर एका टोकाला दिलेला दाब दुसऱ्या टोकाला तेवढाच पोचतो, हा पास्कलचा नियम आपण शाळेत शिकलोय. दहा-पंधरा सेंटिमीटर होज कमी करून ब्रेकची ताकद वाढणार नाही. कापायचं ते अडकणं, घासणं आणि खडखडणं थांबवायला. कमान बोटभरच जास्त असेल तर केबल टायनं नीट बांधा आणि विषय सोडून द्या. वीतभर असेल तर पुढं वाचा.

आणखी एक गोष्ट कापण्याआधीच ठरवा. मोटरसायकलमुळं आपल्या हाताला सवय आहे ती उजव्या हातात पुढचा ब्रेक असण्याची. बाहेरून मागवलेल्या संचात बऱ्याचदा पुढचा ब्रेक डाव्या लिव्हरला जोडलेला असतो. तो बदलायचा असेल तर आधी बदला, मग मोजा. बहुतेक लिव्हर डावे-उजवे वेगळे असतात, त्यामुळं अदलाबदल होजची करावी लागते आणि बाजू बदलली की होजची वाट आणि लांबी दोन्ही बदलतात. आधी कापून मग बाजू बदलायला गेलात, तर आखूड पडलेला होज फेकून नवा आणावा लागेल.

१. तेल कोणतं ते बघा

पाना हातात घेण्याआधी लिव्हरवरच्या तेलाच्या टाकीचं झाकण बघा. त्यावर मिनरल ऑइल किंवा डॉट असं लिहिलेलं असतं. शिमानो, टेक्ट्रो, मागुरा हे मिनरल ऑइलवर चालतात. होपचे ब्रेक डॉट ५.१ वर. स्रॅमचे बहुतेक डॉटवर, पण त्यांचेच डीबी ८ आणि मेव्हन मिनरल ऑइलचे आहेत. म्हणजे नुसत्या कंपनीच्या नावावर जाऊ नका, झाकण वाचा.

ही दोन तेलं एकमेकांच्या जागी चालत नाहीत. आतली रबरी सील एका तेलासाठी बनवलेली असतात, दुसरं तेल गेलं की ती फुगतात किंवा खराब होतात आणि मग अख्खा लिव्हर किंवा कॅलिपर (चाकाजवळचा, डिस्कला पकडणारा भाग) बदलायची पाळी येते. मोटरसायकलच्या स्पेअर पार्टच्या दुकानात ब्रेक ऑइल मागितलंत की डॉट ३ किंवा डॉट ४ ची बाटली पुढं येते. दुकानदार चुकीचं देत नाही, गाडीला तेच लागतं. पण शिमानोत त्याचा एक थेंबही जाऊ देऊ नका. इंजिन ऑइल, बेबी ऑइल, शिलाई मशीनचं तेल हे प्रयोगही नकोत.

डॉटवाल्यांसाठी दोन सूचना. हे तेल रंग खातं, फ्रेमवर सांडलं तर लगेच भरपूर पाण्यानं धुवा. आणि ते हवेतली ओल शोषतं. गेल्या पावसाळ्यात उघडून ठेवलेली बाटली यंदा वापरू नका, नवी आणा.

यापुढचं सगळं शिमानोच्या सरळ हँडलच्या ब्रेकवर बेतलेलं आहे. टेक्ट्रोचं काम बरंचसं असंच. स्रॅममध्ये इन्सर्ट (होजच्या तोंडात बसवायची बारीक नळी) हातोडीनं ठोकायचा नसतो, त्याला आटे असतात आणि तो टी ८ टॉर्क्सनं होजमध्ये फिरवून बसवतात. वाकड्या हँडलच्या रोड सायकलींचे लिव्हर वेगळ्या बांधणीचे असतात, त्यांच्यावर पहिला हात बसवू नका.

२. सामान आधी जमवा

होज कापून झाल्यावर एखादी वस्तू घरात नाही असं कळलं, तर सायकल उघड्या होजनिशी पडून राहते. म्हणून सगळं समोर मांडून मगच सुरुवात करा.

– तुमच्या होजला चालणारं नवं ऑलिव्ह आणि नवा इन्सर्ट, एका ब्रेकला एकेक. एक जोडी जास्तीची घ्याच.
– योग्य तेलाची छोटी बाटली
– ८ मिमीचा उघड्या तोंडाचा पाना, लिव्हरकडच्या नटासाठी
– २.५ मिमी एलन की (तेलाच्या टाकीच्या स्क्रूसाठी) आणि लिव्हर-पॅड काढायला लागणाऱ्या बाकीच्या एलन की
– होज कटर, किंवा कोरं पातं घातलेला जाड कटर
– लहान हातोडी
– होज धरायच्या दोन ठोकळ्या आणि वाईस
– लिव्हरवर बसणारं ब्लीडचं (तेलातली हवा बाहेर काढायचं) फनेल, त्याच्या दांडीसकट
– कॅलिपरमध्ये पॅडच्या जागी घालायचा ठोकळा, म्हणजे ब्लीड ब्लॉक
– आयसोप्रोपिल अल्कोहोल, बनियनच्या चिंध्या, टिश्यू पेपर, कागदी टेप, हातमोजे

ऑलिव्ह म्हणजे पितळेचं छोटं कडं. नट आवळला की ते चेपतं, होजला घट्ट आवळून बसतं आणि तेल बाहेर येऊ देत नाही. इन्सर्ट म्हणजे होजच्या पोटात जाणारी बारीक धातूची नळी. ऑलिव्हनं बाहेरून दाबल्यावर होज आत बसू नये, म्हणून तिचा आधार. शिमानोचे बीएच ५९ आणि बीएच ९० हे दोन होज बाहेरून सारखेच जाड दिसतात, पण आतलं भोक वेगळं, त्यामुळं इन्सर्टही वेगळे. होजवर नाव छापलेलं असतं. ते वाचून त्याच नावाचा इन्सर्ट मागा, नमुना डोळ्यांनी जुळवू नका.

पिवळ्या प्लास्टिकच्या ठोकळ्या नव्या ब्रेकच्या खोक्यात बऱ्याचदा येतात. आपण त्या कचरा समजून टाकतो. नसतील तर घरी करता येतात: सागाचा लहानसा तुकडा घ्या, ५ मिमीचं भोक पाडा आणि भोकाच्या मधोमध करवतीनं उभा चिरा. करवतीच्या पात्यानं जेवढं लाकूड खाल्लं तेवढी पकड आपोआप घट्ट होते. घरी ड्रिल नसेल तर उद्यमनगरात कुठल्याही वर्कशॉपात पाच मिनिटांचं काम आहे. मी तिथंच करून घेतल्या. कशासाठी पाहिजेत ते सांगितल्यावर तिथले मिस्त्री म्हणाले, “कापायला कोणबी कापतंय रं, वाढवून कोण देणार हाय? आदी नीट मोज.” तिसरी पायरी लांबलचक आहे ती यामुळंच.

वाईस नसेल तर ठोकळ्या मोठ्या पकडीत धरून दुसऱ्या माणसाला घट्ट धरायला सांगा. जमतं, पण वाईसची सर नाही.

३. मोजा

सायकल अगदी चालवताना असते तशी करा. लिव्हरचा कोन, हँडलची उंची, स्टेम (हँडल धरणारा तुकडा) सगळं कायमचं ठरवा. पुढं स्टेम उंच करायचा विचार असेल तर आजच करा.

पुढचा ब्रेक: शॉकअप असलेली सायकल हँडल धरून उचला, म्हणजे फोर्क (पुढचं चाक धरणारे दोन पाय) पूर्ण लांब होईल. होज खाली फोर्कच्या पायाला बांधलेला असतो, त्यामुळं फोर्क उघडा असताना लिव्हरपासून तिथपर्यंतचं अंतर सगळ्यात जास्त. सायकल जमिनीवर टेकलेली असताना मोजलंत तर फोर्क स्वतःच्या वजनानं थोडा दबलेला असतो आणि होज आखूड पडतो.

मागचा ब्रेक: हँडल दोन्ही बाजूंना अडेपर्यंत फिरवा. पडताना हँडल तेवढं फिरतंच. दोन्हीकडं फिरवल्यावर होज कुठंही ताणला जाता कामा नये आणि लिव्हरच्या तोंडाशी काटकोनात मोडता कामा नये. मागंही शॉक असेल तर त्यातली हवा सोडून चाक पूर्ण वर दाबून बघा, कारण काही फ्रेमवर तिथंही होज खेचला जातो. होज फ्रेमच्या आतून गेलेला असेल तर तो बाहेर काढायची गरज नाही. जास्तीचा भाग पुढं ओढून घ्या आणि लिव्हरकडूनच कापा. कॅलिपरकडच्या टोकाला हात लावू नका.

आता खुणा. लिव्हरकडच्या नटावरचं रबरी टोपण मागं सारा. होज जिथं नटातून बाहेर येतो तिथं कागदी टेपची पहिली पट्टी लावा. मग होज हातानं लिव्हरकडं धरून, हँडल दोन्हीकडं फिरवत, तो नटातून कुठून बाहेर यायला हवा ते ठरवा आणि तिथं दुसरी पट्टी लावा. दोन पट्ट्यांमधलं अंतर म्हणजे कापायचा तुकडा. होज सुटल्यावर तेवढंच अंतर त्याच्या टोकापासून मोजून कापायचं. लिव्हरच्या आत किती मिमी जातो याचा वेगळा हिशोब लागत नाही, कारण तो भाग आधी होता तेवढाच नंतरही आत जाणार.

समजा अंतर १२ सेंटिमीटर आलं. मी ९ किंवा १० कापतो. जास्तीचे दोन-तीन सेंटिमीटर सायकलवर दिसतही नाहीत आणि एखादा इन्सर्ट वाकडा बसला तर टोक उडवून पुन्हा करायला तेच कामी येतात. मात्र दीड सेंटिमीटरपेक्षा कमी कापायची वेळ असेल तर काम सोडा, कारण जुन्या ऑलिव्हनं चेपलेला भाग तेवढ्यात निघत नाही.

रात्रभर पट्ट्या तशाच ठेवा आणि सकाळी परत मोजा. मी अजूनही असंच करतो.

४. चाक, पॅड आणि झाकपाक

ज्या ब्रेकचं काम आहे ते चाक काढून खोलीच्या दुसऱ्या टोकाला ठेवा. पॅड काढा, कागदात गुंडाळा, तेही लांब ठेवा. डिस्कवर किंवा पॅडवर तेलाचा थेंब पडला की ब्रेक ओरडतो आणि पकडत नाही. डिस्क अल्कोहोलनं पुसून निघते, पण पॅड तेल पिऊन बसतं. गॅसवर भाजून किंवा घासून ते परत आणायचा प्रयत्न मी केला होता. दोन दिवस बरं चाललं, मग पुन्हा तेच. पॅड बदलणं स्वस्त पडतं.

इथून पुढं चाक लावेपर्यंत लिव्हर दाबायचा नाही. मधे पॅड-डिस्क नसताना दाबलात तर पिस्टन (पॅडना डिस्ककडं ढकलणारे कॅलिपरमधले दट्टे) पुढं सरकतात, जास्त दाबलात तर बाहेर पडतात. घरात लहान मुलं असतील तर त्यांना आधीच सांगा, कारण चाक काढलेल्या सायकलचा लिव्हर दाबून बघायचा मोह सगळ्यांना होतो.

पिस्टनभोवतीची धूळ अल्कोहोल लावलेल्या चिंधीनं पुसून घ्या. पिस्टन सध्या आहेत तिथंच राहू द्या, आत ढकलू नका. ब्लीड ब्लॉकही अजून घालायचा नाही. याचं कारण आठव्या पायरीत आहे.

५. नट सोडा

लिव्हरखाली चिंधी बांधा. ८ मिमीचा पाना नटावर पूर्ण बसवा, लिव्हर दुसऱ्या हातानं आवळून धरा आणि सोडा. पाना अर्धवट बसला तर मऊ नटाच्या कडा गोल होतात. नट सुटला की होज सरळ बाहेर ओढा. जुनं ऑलिव्ह अडकल्यानं थोडा जोर लागतो, पण पिळू नका.

होज बाहेर आल्या आल्या त्याचं तोंड आकाशाकडं करा आणि काम संपेपर्यंत तसंच ठेवा. खालचं टोक बंद असल्यानं तेल आत उभं राहतं. तोंड खाली गेलं की तेल वाहून जातं, त्या जागी हवा शिरते आणि मग अर्ध्या तासाचं काम दुपारभर चालतं. मी होज हँडलला सुतळीनं सैल बांधतो, तोंड वर राहील असा.

६. कापा

नट आणि रबरी टोपण होजवरून खाली, कापायच्या खुणेच्या बऱ्याच पलीकडं सरकवा. ते कापून पडणाऱ्या तुकड्यावर राहिले तर फार बिघडत नाही, काढून परत घालता येतात. पण ऑलिव्ह आणि इन्सर्ट बसल्यावर लक्षात आलं तर दोन्ही वाया जातात आणि होज पुन्हा कापावा लागतो.

टोकापासून मोजा. एकदा मोठ्यानं आकडा वाचा. होज ठोकळीत धरा आणि एकाच दाबात, अगदी काटकोनात कापा. कोयत्याचा घाव उसाला तिरका बसला तरी चालतो, इथं कापलेलं तोंड सपाटच पाहिजे. तिरक्या तोंडावर इन्सर्ट एका बाजूनं आधी टेकतो आणि वाकडा जातो. साधी पकड किंवा डायगोनल कटर वापरला तर भोक चेपून अंडाकृती होतं आणि आतली विणलेली जाळी विस्कटते. पातं कोरं असेल तर साध्या कटरनंही छान काप येतो. कापल्यावर तोंड भिंगातून किंवा मोबाईलच्या कॅमेऱ्यातून मोठं करून बघा. जाळीचे धागे बाहेर आले असतील तर दोन मिमी आणखी कापून साफ करा.

७. ऑलिव्ह आणि इन्सर्ट, नवेच

क्रम पाठ करा: आधी टोपण, मग नट, मग ऑलिव्ह, शेवटी इन्सर्ट. नटाचे आटे टोकाच्या दिशेनं हवेत.

आता माझी चूक. पहिल्यांदा मी जुनंच ऑलिव्ह तुकड्यावरून काळजीपूर्वक काढलं आणि परत बसवलं. नवं मिळायला चार दिवस लागणार होते आणि रविवारी पन्हाळ्याला जायचं ठरलं होतं. घरी लिव्हर दाबला तर एकदम कडक. रात्रीत थेंब नाही. रविवारी वीस किलोमीटर चढून गेलो, वर नाष्टा केला आणि उतरायला लागलो. वाघबीळ यायच्या आधी मागचा लिव्हर खोल जायला लागला. दोन वळणांनंतर तो ग्रिपला टेकला. पुढचा ब्रेक चांगला होता म्हणून कडेला थांबता आलं. नटाला बोट लावलं तर तेलानं भरलेलं. एकदा चेपलेलं ऑलिव्ह दुसऱ्या जागी परत तसंच चेपत नाही; घरातल्या हलक्या दाबाला ते टिकलं, घाटातल्या वारंवार जोराच्या दाबाला नाही. मागून एसटी उतरत होती. ते दृश्य अजून डोळ्यांपुढं आहे, म्हणून सांगतो: नवं ऑलिव्ह हातात नसेल तर होज कापूच नका.

ऑलिव्ह होजवर सरकवा. मग होज ठोकळ्यांमध्ये धरून वाईसमध्ये आवळा, तोंड ठोकळीच्या थोडं वर ठेवा. होज घसरणार नाही इतपत आवळा, चेपेपर्यंत नको. इन्सर्टचं बारीक टोक भोकावर सरळ उभं करा आणि हातोडीचे हलके हलके टोले द्या. एकेका टोल्यानंतर दोन बाजूंनी बघा. तो कलायला लागला तर थांबा, काढा, टोक कापा आणि जास्तीच्या जोडीतला नवा घ्या. वाकलेला इन्सर्ट सरळ करून वापरायचा नाही. इन्सर्टची टोपी होजच्या तोंडाला चिकटून बसली, फट दिसेनाशी झाली की झालं. या वेळी थोडं तेल उडतं, डोळे जपा.

८. जोडणी

ही युक्ती मला नंतर सापडली आणि तिनं ब्लीडिंगचं काम निम्मं केलं. पॅड थोडे झिजलेले असतील तर पिस्टन पुढं आलेले असतात. आपण त्यांना मुद्दाम तसंच ठेवलं होतं. आता टायर काढायच्या प्लास्टिकच्या लिव्हरनं ते हळूहळू आत ढकला. आत गेलेल्या पिस्टनमुळं तेल होजमधून वर चढतं आणि तोंडाशी काठोकाठ येतं. थेंब फुगून वर आला की थांबा. त्याच क्षणी होज लिव्हरच्या भोकात सरळ घाला आणि शेवटपर्यंत दाबा. मदतीला कुणी असेल तर फार सोपं जातं: एकानं पिस्टन ढकलायचे, दुसऱ्यानं होज धरायचा. पिस्टन पूर्ण आत गेले की ब्लीड ब्लॉक घाला.

होज आत दाबून धरलेला असतानाच नट बोटांनी फिरवा. आटे सहज धरले पाहिजेत. अडलं तर उलटा फिरवून पुन्हा लावा, कारण इथं आटे चढले तर लिव्हर गेला. बोटांनी बसला की पान्यानं आवळा, पण होजवरचा दाब सोडू नका. आवळताना होज बाहेर सरकला तर ऑलिव्ह चुकीच्या जागी चेपतं.

शिमानोच्या या नटाला ५ ते ७ न्यूटन मीटर टॉर्क सांगितलाय. घरी टॉर्क पाना नसेल तर सामान मोजायचा हुकाचा काटा चालतो. पान्यावर नटाच्या मधापासून १० सेंटिमीटरवर खूण करा, काट्याचा हूक तिथं अडकवा आणि पान्याला काटकोनात ओढा. काट्यावर ६ किलो दिसले की जवळपास ६ न्यूटन मीटर झाले. हाताच्या अंदाजानं आवळणाऱ्यांनी एकदा तरी असं करून बघावं, आपला अंदाज किती वेगळा असतो ते कळतं. दुसऱ्या कंपनीच्या ब्रेकचा आकडा तिच्या माहितीपत्रकातूनच घ्या.

९. वरून हवा काढा

एवढं जपूनही जोडाशी एखादा बुडबुडा राहतोच. तेल दाबल्यानं जवळजवळ आकसत नाही, हवा आकसते. लिव्हर स्पंजासारखा लागतो तो त्यामुळं.

सायकल अशी ठेवा की कॅलिपरपासून लिव्हरपर्यंत होज सतत चढत जाईल. मधे कुठं उंचवटा राहिला तर हवा तिथंच दडून बसते. मागच्या ब्रेकसाठी मी पुढचं चाक खुर्चीवर ठेवतो. लिव्हर हँडलवर फिरवून तेलाची टाकी जमिनीला समांतर करा, २.५ मिमीचा स्क्रू काढा (त्याची बारीक ओ-रिंग स्क्रूबरोबर येते, हरवू नका), फनेल हातानं फिरवून बसवा आणि त्यात बोटभर तेल घाला.

आता ब्लीड ब्लॉक आत आहे याची खात्री करा आणि मगच लिव्हर हळू दाबा, हळू सोडा. फनेलमध्ये बुडबुडे येतील. होजला खालून वर टिचक्या मारत या, कॅलिपरलाही मारा. लिव्हर थोडा वर, थोडा खाली कलवून पुन्हा दाबा, कारण टाकीच्या कोपऱ्यात अडकलेली हवा अशीच सुटते. पाच मिनिटं थांबा, परत करा. बुडबुडे बंद झाले आणि लिव्हर मधेच कडक लागायला लागला की फनेलची दांडी आत घालून भोक बंद करा, फनेल काढा, टाकीच्या तोंडाशी तेल फुगलेलं असतानाच स्क्रू लावा. हा स्क्रू फार नाजूक असतो, दोन बोटांच्या जोरानं आवळा.

दहा-पंधरा मिनिटांनंतरही लिव्हर मऊच असेल तर हवा खोल गेली आहे. मग कॅलिपरच्या निपलला (तेल आत-बाहेर करायच्या तोंडाला) सिरिंज लावून तेल खालून वर ढकलावं लागतं. त्यासाठी निपलवर घट्ट बसणारी नळी आणि योग्य मापाचा पाना हवा. ते नसेल तर जोर लावत बसू नका, ब्रेक या अवस्थेत दुकानात न्या. मऊ लिव्हर घेऊन सायकल चालवत नेऊ नका, ढकलत न्या.

१०. तपासणी

सांडलेलं तेल पुसा, लिव्हर, नट आणि कॅलिपर अल्कोहोलनं स्वच्छ करा, हातमोजे बदला. मगच ब्लॉक काढून पॅड आणि चाक लावा. पहिले काही दाब लिव्हर खोल जाईल, पिस्टन पुढं येऊन पॅड डिस्कला लागले की कडक होईल.

नटाभोवती कोरा टिश्यू गुंडाळा. लिव्हर दोन्ही हातांनी पूर्ण जोरात दाबून मिनिटभर धरा. लिव्हर हळूहळू खाली जात असेल तर कुठून तरी तेल निसटतंय. नंतर लिव्हर दाबलेल्या स्थितीत रबर बँडनं बांधा आणि सायकल रात्रभर तशीच ठेवा. सकाळी टिश्यूवर तेलकट डाग दिसला तर नट एकदा टॉर्कनं तपासा, तरीही डाग आला तर जोड उघडा, टोक कापा आणि नवं ऑलिव्ह, नवा इन्सर्ट घालून सातव्या पायरीपासून पुन्हा करा.

हँडल पुन्हा दोन्हीकडं अडेपर्यंत फिरवा. होज फ्रेमला जिथं टेकतो तिथं पारदर्शक टेपचा तुकडा चिकटवा. चिखलाच्या दिवसांत होज आणि फ्रेममधे माती गेली की ती पॉलिश पेपरसारखं काम करते.

वापरलेलं तेल मोरीत ओतू नका. आपल्याकडची गटारं जयंती नाल्याला मिळतात आणि नाला पंचगंगेला. मी ते जुन्या बाटलीत साठवतो आणि ओळखीच्या गॅरेजमध्ये त्यांच्या जळक्या ऑइलच्या पिंपात देतो.

पहिली फेरी सपाट रस्त्यावर करा. मी सकाळी लवकर, गर्दी नसताना रंकाळ्याभोवती एक चक्कर मारतो आणि पंधरा-वीस वेळा जोरात ब्रेक मारून बघतो, आधी हळू वेगात, मग थोड्या जास्त. घरी येऊन परत टिश्यू लावतो. त्यानंतर आठवडाभर ऑफिसला जाऊन-येऊन नट कोरडा राहिला, तरच पन्हाळा किंवा गगनबावड्याचा रस्ता धरतो.